पर्पल हार्टचा अर्ज : फाइल कोरी असेल तर कागद कुठे शोधायचे?

पत्र :
सप्रेम नमस्कार. लग्नानंतर मी ओहायोत स्थायिक झाले. माझे सासरे अमेरिकन आर्मीत, इन्फंट्रीत होते. १९६८-६९ मध्ये वर्षभर व्हिएतनामला होते. तिथे रात्रीच्या माऱ्यात मोर्टारचा छर्रा त्यांच्या डाव्या खांद्यात घुसला. बटालियनच्या एड स्टेशनवर (मैदानाजवळच्या उपचार केंद्रावर) डॉक्टरांनी टाके घातले आणि चार दिवसांनी ते परत कंपनीत गेले. १९७० मध्ये ते सैन्यातून सुटले. त्यांच्या डीडी-२१४ वर, म्हणजे सैन्यातून सुटतानाच्या दाखल्यावर, पर्पल हार्टचा, म्हणजे लढाईत जखमी झालेल्यांना मिळणाऱ्या पदकाचा, उल्लेख नाही. काही वर्षांपूर्वी त्यांनी साधं पत्र लिहून पदक मागितलं, तर ‘नोंद सापडत नाही’ असं उत्तर आलं. सेंट लुईसच्या सरकारी नोंद केंद्रातल्या आगीत फाइल जळाली असणार, असं कुणीतरी त्यांना सांगितलं आणि त्यांनी विषयच सोडून दिला. आता ते ७६ वर्षांचे आहेत. त्यांच्या प्लटूनमधले दोघे हयात आहेत. अजून काही करता येईल का? आणि त्यांच्या वतीने मी अर्ज करू शकते का?
— एक वाचक, ओहायो

उत्तर :
ताई, नक्की करता येईल. पर्पल हार्ट मागायला मुदत नाही. हे पदक कुणाच्या शिफारशीवर मिळत नाही. अटी पूर्ण होत असतील तर तो सैनिकाचा हक्क आहे, पन्नास वर्षांनंतरही.

आधी ती आगीची गोष्ट बाजूला काढू, कारण तिच्यामुळे तुमच्या सासऱ्यांची बरीच वर्षं वाया गेली आहेत. सेंट लुईसच्या नॅशनल पर्सोनेल रेकॉर्ड्स सेंटरला १२ जुलै १९७३ रोजी आग लागली, हे खरं. पण तिच्यात जळाल्या त्या प्रामुख्याने १ नोव्हेंबर १९१२ ते १ जानेवारी १९६० या काळात आर्मीतून सुटलेल्यांच्या फायली, त्यातल्या सुमारे ८० टक्के. शिवाय २५ सप्टेंबर १९४७ ते १ जानेवारी १९६४ या काळात सुटलेल्या हवाई दलातल्या बऱ्याच लोकांच्या. तुमचे सासरे १९७० मध्ये सुटले. त्यांची फाइल त्या आगीत सापडलेली नाही. ती जागेवर असणार, फक्त जखमेचा कागद तिच्यात पोचलेला नसणार.

तो का पोचला नाही, हे समजलं की पुढे कुठे शोधायचं तेही समजतं. मैदानावर जखमीच्या गणवेशाला एक कार्ड बांधलं जाई, डीडी फॉर्म १३८०. त्यावर नाव, जखमेची जागा, वेळ, दिलेलं औषध. हे कार्ड जखमीबरोबर पुढच्या रुग्णालयात जाई आणि तिथून फाइलीत येई. पण जो बटालियनच्या एड स्टेशनवरूनच चार दिवसांत परत फिरला, त्याचं कार्ड पुढे जाण्याचं कारणच उरत नसे. त्या धावपळीत आणि चिखलात अशी कार्डं गहाळ होत. शिवाय किरकोळ जखम असेल तर घरी कळवू नये, असं सैनिकाला आधीच लिहून देता येई. अनेक पोरांनी आईच्या काळजीने तसं लिहून दिलं होतं. त्यामुळे घरी तारही आली नाही आणि तिची स्थळप्रतही फाइलीत राहिली नाही. तुमच्या सासूबाईंना किंवा सासऱ्यांच्या भावंडांना अशी तार आल्याचं आठवतं का, एवढं मात्र विचारून घ्या. ती सापडली तर निम्मं काम झालं.

आता सिद्ध काय करायचं? तीन गोष्टी, तिन्ही वेगवेगळ्या. जखम शत्रूच्या कारवाईमुळे झाली. जखम खरोखर झाली. आणि तिच्यावर वैद्यकीय अधिकाऱ्याकडून उपचार घ्यावे लागले, त्याची सरकारी नोंद झाली. नाकारले गेलेले अर्ज बहुधा या तिसऱ्या मुद्द्यावर अडतात. लोक पहिल्या मुद्द्यावर पानंच्या पानं लिहितात, लढाईचं वर्णन करतात आणि टाके कुणी घातले ते एका ओळीत उरकतात. वैद्यकीय अधिकारी म्हणजे अधिकारी दर्जाचा डॉक्टर. प्लटूनचा मेडिक (तुकडीबरोबरचा प्रथमोपचार करणारा सैनिक) त्यात येत नाही. मेडिकने मलमपट्टी केली असेल, तर ‘डॉक्टर हजर असता तर ही जखम त्यानेच पाहावी लागली असती’ असा शेरा वैद्यकीय अधिकाऱ्याने नोंदीत दिलेला लागतो. तुमच्या सासऱ्यांना एड स्टेशनवर डॉक्टरांनी टाके घातले, ही त्यांच्या बाजूची मोठी गोष्ट आहे. ती अर्जात ठळकपणे आली पाहिजे. बटालियन सर्जनचं, म्हणजे त्या डॉक्टरांचं, नाव आठवत असेल तर उत्तमच.

हेही आधीच तपासा की प्रकरण नियमात बसतं. गोठल्यामुळे झालेली इजा, उष्माघात, आजार, एजंट ऑरेंज या फवारलेल्या रसायनाचे परिणाम, पीटीएसडी (मानसिक आघाताचा विकार), शत्रूशी संबंध नसलेला गाडीचा किंवा स्फोटकाचा अपघात, यांना हे पदक मिळत नाही. शत्रूवर रोखलेला आपल्याच बाजूचा मारा चुकून लागला असेल तर मिळतं. मोर्टारचा छर्रा सरळ नियमात बसतो. फक्त गोळे शत्रूचे होते, हे कागदावर दिसलं पाहिजे.

शोधाची सुरुवात त्यांच्या पूर्ण फायलीपासून. एसएफ-१८० हा फॉर्म भरून, किंवा नॅशनल आर्काइव्ह्जच्या ऑनलाइन सेवेतून, सेंट लुईसला मागणी करायची. फॉर्मवर ‘डीडी-२१४ ची प्रत’ एवढंच लिहिलं तर एकच कागद हातात येतो. म्हणून स्पष्ट लिहा : संपूर्ण ओएमपीएफ (सैनिकाची अधिकृत सेवा-फाइल) आणि संपूर्ण वैद्यकीय नोंदी. सही सासऱ्यांचीच हवी. फाइल आली की डीए फॉर्म २०, म्हणजे सैनिकाचं सेवापत्रक, काढा. त्यातली बाब ३८ म्हणजे कोणत्या युनिटमध्ये कधी होते, बाब ४० म्हणजे जखमा, बाब ४१ म्हणजे पदकं. बाब ४० कोरी असेल तर निराश होऊ नका, ती कोरी निघणं नेहमीचंच आहे. तुम्हाला खरी गरज आहे ती बाब ३८ ची : कंपनी, बटालियन, रेजिमेंट, तारखा. पुढचा सगळा शोध त्यावर उभा राहतो.

त्याच गठ्ठ्यात सैन्यातून सुटतानाच्या वैद्यकीय तपासणीचे कागद असतात, एसएफ-८८ आणि एसएफ-८९. तपासणाऱ्याने अंगावरचे व्रण लिहिलेले असतात. ‘डाव्या खांद्यावर व्रण’ अशी १९७० ची एक ओळ आजच्या दहा पानी निवेदनापेक्षा वजनदार ठरते. कारण सोपं आहे : ती लिहिली गेली तेव्हा पदकाचा विषयच नव्हता.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. माणसाच्या फाइलीत नाही म्हणून शोध थांबवायचा नाही. त्या दिवसाच्या कागदांत शोधायचं. ज्या रात्री मोर्टार पडले त्या रात्री बटालियनच्या मुख्यालयात कुणीतरी जागा होता आणि रेडिओवर येणारा प्रत्येक निरोप लिहून घेत होता. ती रोजनिशी म्हणजे डीए फॉर्म १५९४, डेली स्टाफ जर्नल. व्हिएतनाममधल्या आर्मी युनिटांची ही दप्तरं मेरीलँडमधल्या कॉलेज पार्कच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत, रेकॉर्ड ग्रुप ४७२ मध्ये. तिथे बटालियन आणि तारीख कळवून प्रती मागवता येतात, जाऊन पाहताही येतात. पान उघडलं की डावीकडे नोंदीचा क्रमांक, मग वेळ, मग मजकूर, मग काय कारवाई केली ते. मजकूर असा असतो : २३४० वाजता, बी कंपनी, नकाशावरचा अमुक बिंदू, ८२ मिमी मोर्टारचे गोळे, तीन डब्ल्यूआयए, दोघांना डस्टऑफ. डब्ल्यूआयए म्हणजे लढाईत जखमी, डस्टऑफ म्हणजे जखमींना नेणारं हेलिकॉप्टर. नाव बहुधा नसतं. पण तिघे जखमी आणि हेलिकॉप्टरने गेले दोघेच, तर तिसरा कुठे गेला? हा प्रश्न तुमच्या बाजूने बोलतो. मिळालेल्या पानाची कात्रणं करू नका. युनिटचं नाव आणि तारीख असलेल्या शीर्षकासकट अख्खं पान जोडा.

दुसरा कागद कंपनीचा मॉर्निंग रिपोर्ट. कंपनीत त्या दिवशी कोण आलं, कोण गेलं, कोण रुग्णालयात हलवलं, एवढेच बदल त्यात असतात. हे रिपोर्ट सेंट लुईसलाच आहेत. मागताना कंपनीपर्यंत युनिट लिहा आणि तारखांचा पट्टा लहान ठेवा, नाहीतर मागणी परत येते. एक शक्यता सांगून ठेवतो : माणूस एड स्टेशनवरच राहिला असेल तर कंपनीच्या हजेरीत बदल दाखवलेलाच नसतो. तसं झालं तरी हा रिपोर्ट फुकट जात नाही. त्या दिवशी रुग्णालयात गेलेल्या इतरांची नावं त्यात असतात, आणि ती नावं पुढे कामी येतात.

कशी ते सांगतो. त्याच माऱ्यात जखमी झालेल्या दोघांना पर्पल हार्ट मिळालं असेल, तर त्याचे जनरल ऑर्डर्स (पदक दिल्याचे लेखी आदेश) निघालेले असणार, आणि त्यात जखमेची तारीख असते. तुमच्या सासऱ्यांची जखम त्याच तारखेची, त्याच प्लटूनमधली असेल, तर ‘शत्रूची कारवाई’ हा मुद्दा निर्विवाद होतो. व्हिएतनाम काळातल्या, १९६५ ते १९७३ मधल्या, जनरल ऑर्डर्सची एक संगणकीय सूची आर्मीकडे आहे, आणि जखमी-मृतांची एक व्हिएतनाम कॅज्युअल्टी रोस्टरही आहे. अर्ज पाहणारे या दोन्ही ठिकाणी सासऱ्यांचं नाव शोधतातच. तुम्ही अर्जात त्याची आठवण करून द्या. आडनावाच्या स्पेलिंगमध्ये पूर्वी कधी चूक झाली असेल, सर्व्हिस नंबरात आकडे उलटसुलट झाले असतील, तर तेही लिहा, कारण नाव ‘सापडत नाही’ याचं कारण कधीकधी इतकं साधं असतं.

ते एड स्टेशनवरून पुढे कुठल्या इव्हॅक्युएशन किंवा सर्जिकल हॉस्पिटलात एक रात्रभर जरी दाखल झाले असतील, तर आणखी एक जागा आहे. दाखल रुग्णांचे केसपेपर सैनिकाच्या फाइलीत नसतात. ते रुग्णालयाच्या नावाने आणि वर्षाने वेगळे लावलेले असतात. फाइल मागितल्यावर ते आपोआप येत नाहीत. रुग्णालयाचं नाव, साल आणि महिना देऊन वेगळे मागावे लागतात. पुष्कळ लोकांचा पुरावा इथे पडून असतो आणि कुणी मागतच नाही.

घरातही शोधा. व्हिएतनाममधून सैनिकांना पत्राला तिकीट लावावं लागत नसे. तिकिटाच्या जागी ‘फ्री’ असं हाताने लिहीत. लाकडी पेटीत, माळ्यावर अशी पाकिटं असतील. ‘खांद्याला थोडं लागलंय, काळजी करू नका’ असं एखादं वाक्य आणि पाकिटावर पोस्टाचा शिक्का, हा त्या वेळचा लेखी पुरावा आहे. पत्र पाकिटासकट स्कॅन करा. खांद्याला पट्टी बांधलेला फोटो असेल तर मागच्या बाजूचाही स्कॅन हवा.

शरीरातही पुरावा असू शकतो. छर्ऱ्याचे कण अजून खांद्यात असतील तर साध्या एक्स-रेमध्ये दिसतील. व्हीएच्या (माजी सैनिकांसाठीच्या सरकारी विभागाच्या) डॉक्टरांकडून एक्स-रेचा अहवाल घ्या आणि ‘ही जखम स्फोटातल्या धातूच्या तुकड्याने झाल्याशी सुसंगत आहे’ असं लेखी मिळतं का, विचारा. (कण आहेत असं दिसलं तर यापुढे कोणीही एमआरआय सांगितला की आधी ते सांगायचं. हे पदकापेक्षा महत्त्वाचं.) सासऱ्यांनी १९७० नंतर कधीही व्हीएकडे दावा केला असेल तर त्यांची पूर्ण क्लेम फाइल, सी-फाइल, मागवा. तरुणपणी डॉक्टरांना त्यांनी काय सांगितलं ते तिच्यात असेल. व्हीएने खांद्याला अपंगत्वाची टक्केवारी दिली असली तरी तेवढ्यावर पदक मिळत नाही, दोन्हींचे नियम वेगळे आहेत. पण त्या फाइलीतले जुने कागद उपयोगी पडतात.

आता ते दोन मित्र. कागदांना वेळ लागला तरी चालेल, यांना नाही. त्यांच्याशी याच आठवड्यात बोला. अर्जदार सोडून, घटना स्वतः पाहिलेल्या किमान दोन माणसांची शपथेवरची निवेदनं लागतात. प्रत्येकाने लिहायचं ते असं : मी कोण, माझा हुद्दा, युनिट, मी तिथे कधीपासून कधीपर्यंत होतो, साधारण कोणत्या तारखेला, कुठे, काय झालं, मी स्वतः कुठे होतो, किती अंतरावर, जखम मी डोळ्यांनी पाहिली का, शरीरावर कुठे, त्यांना उपचाराला कुणी, कुठे नेलं, ते किती दिवसांनी परतले, परतले तेव्हा खांद्याला काय होतं. जे पाहिलं नाही ते ‘ऐकलं’ असं लिहावं. नोटरीसमोर सही घेतलेली बरी. ते जमत नसेल तर ‘खोटं ठरल्यास शिक्षेस पात्र’ अशा आशयाचं, अमेरिकी कायद्याला मान्य असलेलं वाक्य तारखेसह सहीच्या वर टाकता येतं.

इथे घरचे लोक प्रेमापोटी एक घात करतात. मजकूर स्वतः टाइप करून दोघांना सहीला पाठवतात. दोन निवेदनं शब्दाला शब्द सारखी आली की वाचणाऱ्याचा विश्वास उडतो, आणि मग खरी आठवणही वाया जाते. तुम्ही फक्त मुद्दे कळवा, उत्तरं सांगू नका. एकाला फेब्रुवारी आठवेल, दुसऱ्याला पावसाळा. आठवणीतला हा फरक खपून जातो. मात्र सासऱ्यांच्या अर्जातली तारीख स्टाफ जर्नलशी जुळली पाहिजे. म्हणून अर्जात तारीख लिहिण्याआधी जर्नल हातात येऊ द्या. खात्री नसेल तर ‘सुमारे’ लिहा. ठामपणे लिहिलेली चुकीची तारीख सगळ्या अर्जाला खिळखिळं करते.

अर्ज कुठे करायचा? आधी ते जुनं उत्तर काढून पाहा, कुणाकडून आलं होतं. सेंट लुईसकडून आलं असेल तर त्याचा अर्थ इतकाच की फाइलीत आदेश नाही. पदक द्यायचं की नाही, यावर अजून कुणी निर्णयच दिलेला नाही. निर्णय देणारी जागा म्हणजे केंटकीतल्या फोर्ट नॉक्सची आर्मी ह्यूमन रिसोर्सेस कमांड, तिथला पदक विभाग. त्यांच्याकडे डीडी-२१४, डीए फॉर्म २०, वैद्यकीय कागद, जर्नलची पानं, दोन निवेदनं आणि सासऱ्यांचं स्वतःचं एक पानी निवेदन पाठवा. प्रत्येक कागदाला क्रमांक द्या आणि पहिल्या पानावर लिहा : शत्रूची कारवाई, कागद ३ आणि ४, जखम, कागद ५, उपचार, कागद ६ आणि ७. वाचणाऱ्याला शोधायला लावू नका. मूळ कागद कुठेही पाठवू नका, फक्त प्रती.

तिथून नकार आला, तर त्या नकाराचं पत्र जोडून पुढचा अर्ज आर्मी बोर्ड फॉर करेक्शन ऑफ मिलिटरी रेकॉर्ड्सकडे, डीडी फॉर्म १४९ वर. खालची पायरी गाळून थेट बोर्डाकडे गेलात तर बहुधा परत पाठवतात. कायद्यात चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांची अट आहे, पण न्यायाच्या दृष्टीने ती माफ करण्याचा अधिकार बोर्डाला आहे. फॉर्मवर त्यासाठी जागा असते, ती कोरी सोडू नका. ‘फाइल आगीत जळाल्याचं सांगितल्यामुळे प्रयत्न थांबवला, अमुक तारखेला जर्नलची प्रत मिळाल्यावर पुरावा प्रथम हाती आला’, इतकं पुरे. जुनी सरकारी नोंद बरोबर आहे, असं बोर्ड गृहीत धरून चालतं. ती चूक आहे हे तुमच्या पुराव्याने जास्त संभाव्य ठरवायचं असतं. संशयाला जागाच नको, इतकी कडक कसोटी इथे नाही. प्रत्यक्ष सुनावणी क्वचितच मिळते, तेव्हा जे सांगायचं ते कागदावर. निर्णयाला कायद्याने १८ महिन्यांपर्यंतची मुदत आहे. बोर्डानेही नाकारलं आणि नंतर एखादा नवा कागद सापडला, तर फेरविचार मागता येतो, आणि त्यालाही वेळेचं बंधन नाही.

तुम्ही अर्ज करू शकता का? ते हयात असताना अर्जदार तेच, सही त्यांचीच. तुम्ही सगळी जुळवाजुळव करा, पत्रव्यवहार सांभाळा. ते सही करण्याच्या अवस्थेत नसतील तर मुखत्यारपत्र किंवा पालकत्वाचा आदेश लागेल. नोंदी मागण्यासाठी मृत सैनिकाचे जवळचे नातेवाईक म्हणून पुनर्विवाह न केलेला जोडीदार, आईवडील, मुलं आणि भावंडं धरतात. सून त्यात येत नाही. म्हणून पुढेमागे गरज पडेल या हिशेबाने तुमच्या यजमानांना आत्ताच सोबत घ्या.

मदतीला पैसे मोजू नका. काउंटीचे व्हेटरन्स सर्व्हिस ऑफिसर, अमेरिकन लीजन, डीएव्ही (अपंग माजी सैनिकांची संघटना), ही मंडळी हे काम फुकट करतात. अर्ज कुठे अडकला आहे हे कळत नसेल तर तुमच्या काँग्रेस सदस्याच्या कार्यालयातला केसवर्कर चौकशी करू शकतो. सासऱ्यांच्या सहीचा संमतीचा फॉर्म तेवढा लागतो. त्यांच्या चौकशीने फाइल हलते, निर्णय बदलत नाही.

पदकाबरोबर दरमहा वेगळे पैसे मिळत नाहीत आणि व्हीएची टक्केवारीही वाढत नाही. आरोग्यसेवेत मात्र किमान तिसरा प्राधान्यगट मिळतो आणि प्रलंबित दाव्यांना अग्रक्रम मिळतो.

सासऱ्यांनी विषय सोडला आहे, तेव्हा त्यांच्यासमोर लगेच फॉर्म ठेवू नका. त्यांना कंपनीचं नाव विचारा, प्लटून सार्जंटचं आणि मेडिकचं नाव विचारा, तळ कुठे होता ते नकाशावर दाखवायला सांगा. ते जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत, त्या दिवशीची तारीख घालून लिहून ठेवा. त्या रात्रीबद्दल त्यांना बोलायचं नसेल तर थांबा. नावं आणि ठिकाणं एवढ्यावरही शोध सुरू होतो.

हा अर्ज मंजूर झाला की डीडी-२१४ बदलून मिळत नाही, त्याला जोडून दुरुस्तीचा डीडी-२१५ येतो. त्यावरचं नाव आणि पदकाचा उल्लेख बारकाईने तपासा, दोन्ही कागद एकत्र ठेवा, आणि एक प्रत व्हीएकडे तुम्ही स्वतः द्या. आर्मीकडून ती तिथे आपोआप जाईल, असं धरून चालू नका.